शेपटाकडून घातलेलं रीळ

जरा आत सरकून बसा, दाराशी वारा लागतो. दिवा आहे तेवढाच राहू दे. आणि हे बघा पोरांनो, मधेच कुणाचा फोन वाजला तर उचलायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. त्याबद्दल मी काही सांगणार नाही. मी फक्त जे झालं ते सांगतो.

ज्याच्या बाबतीत झालं तो माझा शेजारी. बंद पडलेल्या थिएटरच्या मागच्या जिन्यानं वर गेलं की दोन खोल्या होत्या, तिथं तो काम करायचा. थिएटर चालू होतं तेव्हा वरच्या खोलीत बसून तोच सिनेमे दाखवायचा. थिएटरला कुलूप लागलं, पण याचा हात त्या कामातून सुटला नाही. लोकांच्या माळ्यावर पडलेली जुनी रिळं आणायची, मऊ कापडानं पुसायची, तुटली असतील तिथं जोडायची आणि मशीनवर चढवून कॉम्प्युटरमध्ये उतरवायची, हा त्याचा धंदा. सगळे त्याला रीळवाला म्हणायचे. खरं नाव बायकोला ठाऊक असणार, पण ती जन्मभर 'अहो'च्या पुढं गेली नाही.

त्याची एक शिस्त होती. कामाच्या खोलीत शिरण्याआधी खिसे रिकामे. किल्ल्या, घड्याळ, बोटातली अंगठी, फोन, सगळं बाहेरच्या फळीवर एका पत्र्याच्या डब्यात टाकायचं. ती फळी मीच ठोकून दिली होती, मी सुतार माणूस. मी एकदा म्हटलं, "अरे, फोन तरी आत ने." तर म्हणाला, "दादा, फिल्म म्हणजे सापाची कात. वाकताना खिशातून काही निसटलं आणि ओरखडा पडला, तर तो जन्माचा. तो मग पुसत नाही."

या शिस्तीनंच त्याचा घात केला.

एका दुपारी त्याची बायको बाजाररस्त्यावर गेली होती. याचाच चष्मा दुरुस्तीला टाकलेला, तो आणायला. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी तिच्या छातीत कळ आली. तिनं फोन लावला. याला. हा आत मशीन चालवत बसलेला, आणि बाहेर डब्यात फोन थरथरतोय. दार बंद. मशीनची घरघर. यानं काही ऐकलं नाही.

लोक जमले, धावपळ झाली, पण उपयोग झाला नाही. तिथं जे होते त्यांनी नंतर सांगितलं, बाईंनी शेवटपर्यंत फोन कानावरून काढला नाही, काहीतरी बोलत होत्या. काय? ते कुणालाच सांगता येईना. गर्दीत कोण कुणाचं ऐकतो?

संध्याकाळी यानं डबा उघडला तेव्हा फोनवर नाव दिसत होतं – घर. तिचा नंबर त्यानं 'घर' म्हणूनच ठेवला होता.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. तिचा फोन कपाटात पडून होता, मेलेला. नंबरही बंद झाला होता. बाजाररस्ता यानं टाकलाच; कुठं जायचं झालं तर लांबचा वळसा घालून जायचा. आणि रोज संध्याकाळी डबा उघडून ती न उचललेली हाक बघत बसायचा. मला एकदाच म्हणाला, "दादा, माणूस गेलं, ते मी सोसलं. पण ती काय सांगत होती एवढं कळलं असतं ना, तर मला झोप लागली असती." पोरांनो, अर्धं राहिलेलं बोलणं वाईट. ते घरात फिरत राहतं.

तर थंडीचे दिवस होते. शुक्रवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या. नगर कचेरीतून निरोप आला म्हणून तो रिळाचा एक डबा आणायला गेला. कचेरीतल्या बाई तोंडाला रुमाल लावूनच बसल्या होत्या.

"हे घ्या बाबा तुमचं रत्न," त्या म्हणाल्या. "तळघर साफ करताना सापडलं. कुणा दुकानदाराला हौस होती म्हणे. दुकानाच्या पायरीवर उभं राहून रस्ता टिपलाय. आपल्या पणजोबांच्या वेळचा."

"आवाज आहे?"

"कुठला आवाज! मुकं आहे. कचेरीला शंभर वर्षं होतायत ना, सोमवारी सभागृहात दाखवायचंय. होईल का? आणि हा वास कसला हो? कुणी लोणच्यातला आंबट सिरका सांडलाय जसा."

"सांडला नाही. फिल्म कुजायला लागली की असाच वास सुटतो. वेळेत सापडलं म्हणायचं." त्यानं डब्यावरची चिठ्ठी वाचली आणि जरा थांबला. "बाजाररस्ता?"

"हो. घड्याळाच्या मनोऱ्याचा कोपरा."

त्यानं डबा काखोटीला मारला आणि लांबच्या रस्त्यानं परत आला.

आता हे काम कसं असतं ते थोडं सांगतो, म्हणजे पुढचं ध्यानात येईल. रीळ म्हणजे कापडाच्या ताग्यासारखं. सुरुवात बाहेर, शेवट आत. फिल्मच्या कडेला बारीक भोकं असतात, मशीनचे दात त्यांत अडकून ती पुढं सरकते. या रिळाच्या तोंडाचीच भोकं फाटली होती. अशा वेळी हे लोक रीळ दुसऱ्या चकतीवर गुंडाळून घेतात आणि शेपटाकडून घालतात. आधी शेवट, मग सुरुवात. फाटकं तोंड येईपर्यंत बाकीचं तरी नीट उतरतं. मशीनला एक वहीएवढी काच असते, तीत चित्र सरळ उभं दिसतं, पण चालतं उलटं. नंतर कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा, सुलटं कर. झालं काम.

बायकोला हे बघायला फार आवडायचं. जेवणाचा डबा घेऊन वर आली की दारातूनच म्हणायची, "अहो, ते मागं चालणारं लावा ना." धूर चिमणीत परत शिरतो, सांडलेलं पाणी उडी मारून बादलीत जातं, म्हातारी माणसं पाठीच्या दिशेनं झपझप चालतात. ती पदराआड हसायची.

त्या शुक्रवारी रात्री त्यानं खिसे डब्यात रिकामे केले, दार लावलं आणि रीळ शेपटाकडून घातलं.

काचेत रस्ता उजळला. तोच मनोरा, तेच वळण. फक्त दुकानांवर वेगळ्या पाट्या, आणि मोटारींच्या जागी घोडागाड्या. घोडे मागं चालले होते. टोपीवाले, छत्रीवाले, सगळे पाठीनं चालत मनोऱ्याकडं निघालेले. डोक्यावर करंडी घेतलेला एक हमाल मागं मागं सरकत होता. नेहमीचंच. रीळवाला दिव्याचा उजेड कमीजास्त करत होता, त्याचं ध्यान काळ्या-पांढऱ्याच्या छटांकडं.

मनोऱ्याखाली एक बाई होती. अंगावर शाल. एक हात कानाशी.

ती येत होती.

त्याला कळायला थोडा वेळ गेला. बाई चालत येते यात काय मोठंसं? रस्त्यावर बाया चालतातच. मग त्याचा हात आपोआप मशीनवरून निघाला...

सगळे मागं जात होते. ती पुढं येत होती.

रीळ उलटं चाललेलं. म्हणजे जी माणसं सरळ चालली होती ती मागं चालताना दिसणार. आणि ही बाई सरळ चालताना दिसतेय, तर ती त्या रस्त्यावर, त्या दिवशी... कशी चालली होती?

भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. इथं पाय सरळ होते. चालणंच बाकीच्या जगाच्या उलट.

बाई दिव्याच्या खांबापर्यंत आली. डावा पाय किंचित ओढत होती. आणि तिथंच फाटका भाग आला, मशीन अडकलं, काच पांढरी झाली.

त्यानं दिवा मालवला नाही. सकाळपर्यंत स्टुलावर बसून राहिला. त्याच्या बायकोचा डावा पाय लहानपणी मोडला होता.

शनिवारी संध्याकाळी त्यानं ताईला बोलावून घेतलं. ताई त्याची थोरली बहीण. लहानपणी तापात तिचे कान गेले, पण बोलणं शाबूत राहिलं. आवाज सपाट आणि खणखणीत, कारण स्वतःचा आवाज किती मोठा ते तिला कळायचं नाही. पण समोरच्याचे ओठ ती असे वाचायची की रस्त्याच्या पलीकडं दोघं कुजबुजले तरी इकडं हिला पत्ता. तिच्या देखत भांडायचं तर लोक तोंडावर हात धरायचे.

तिच्याबरोबर तिचा मुलगा आला. म्हणजे याचा भाचा. चांगला दोन पोरांचा बाप, चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. धापा टाकत वर आला.

"मामा, हा जिना आहे की डोंगर?"

"डोंगर तुझ्या पोटावर आहे. खिसे रिकामे कर."

भाच्यानं डब्यात किल्ल्या टाकल्या आणि दोन फोन.

"दोन कशाला रे?"

"एकावर गिऱ्हाईकं फोन करतात."

"आणि दुसरा?"

"तो गिऱ्हाईकांना माहीत नाही, म्हणून शांत असतो. थांबा, दोन्ही बंदच करतो, नाहीतर मधेच ठणाणा करतील."

मामानं आपल्या मनातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "मी काय बघितलं ते विचारू नका. तुम्ही बघा."

काल जेवढं उतरलं होतं ते त्यानं कॉम्प्युटरवर सुलटं करून लावलं. आता माणसं नीट चालायला लागली. घोडे पुढं, धूर वर. आणि ती बाई... कानाशी हात धरून, पाठीच्या दिशेनं, गर्दीतून मागं मागं मनोऱ्याकडं. एकदाही वळून न बघता. कुणाला धक्का न लावता. हमाल तिच्या पाठीमागून आला, तिला वळसा घालून गेला.

भाच्यानं मांडीवर थाप मारली. "मामा! हा काळप्रवास! अहो, मी असले व्हिडिओ रोज बघतो. जुन्या फिल्ममध्ये एखादी बाई, कानाला मोबाईल. पुढच्या काळातली माणसं मागं फिरायला येतात म्हणे. मशीन असतं त्यांच्याकडं."

"पुढच्या काळातून कुणी आलाच," मामा म्हणाला, "तर आपल्या बाजाररस्त्यावर कशाला येईल? इथं पाणी एक दिवसाआड येतं."

"मग ते कानाशी काय आहे?"

"दाढ दुखत असेल. शेकायची पुरचुंडी धरली असेल. नाहीतर बहिऱ्या माणसाचं ऐकायचं नळकांडं. पूर्वी मिळायचं."

तो हे म्हणत होता आणि ते खरं निघावं म्हणून आतून हात जोडत होता. ताईनं त्याचे ओठ बघितले आणि मान हलवली.

"नळकांडं माझ्याकडं होतं," ती म्हणाली. "ते लावून माणूस ऐकतं. बोलत नाही. ही बोलतेय."

मामानं चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मग मामा हळूच म्हणाला, "काल ती दिव्याच्या खांबापर्यंतच होती."

भाच्यानं बघितलं. बाई सुरुवातीलाच खांबाच्या बरीच अलीकडं होती, घोड्यांच्या पाण्याच्या हौदापाशी.

"तुम्हाला नीट दिसलं नसेल, मामा."

"काल उतरलं ते उतरलं. त्यात रात्रीतून पावलं कोण टाकणार?"

भाचा हसला, पण हसणं अर्ध्यात राहिलं. मग तो म्हणाला, थांबा, मोठं करून बघू, फोन असला तर कुठला आहे ते मी सांगतो, रोज शंभर हातांखालून जातात. त्यानं बाईचा हात पडद्यावर मोठा केला. आणखी मोठा. चित्र विस्कटलं, ठिपके ठिपके झाले. तरी दिसलं. काळा चपटा चौकोन. आणि त्याच्या मधोमध एक बारीक आडवी पट्टी.

भाच्याचा हात तिथंच थांबला.

"काय झालं?" मामानं विचारलं.

"मामा... हा रबर आहे. केसांना लावायचा."

मामा पडद्याजवळ सरकला.

"मीच लावून दिला होता. मागचं झाकण सैल झालेलं. म्हटलं, नवीन येईपर्यंत एवढ्यावर चालवा..." "म्हटलं, मामी, एवढ्यावर चालवा."

ताई मुलाचे ओठ बघत होती. तिनं भावाकडं बघितलं. भाऊ पडद्याकडं बघत होता.

खाली रस्त्यावरून एक कुत्रं भुंकत गेलं, मग तेही गप्प झालं. खोलीत सिरक्याचा वास वाढत चालला होता. झाकण तर लावलेलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "काय बोलतेय ती?"

ताई पुढं वाकली. कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "कळत नाही. हे बोलणंच नाही. तोंड उलटं चालतंय तिचं." आणि थोडं थांबून म्हणाली, "तू काल जसं घातलंस तसं घाल. शेपटाकडून. मग ती सरळ बोलेल."

"आई, नको," भाचा म्हणाला. "मामा, परत देऊन टाका ते रीळ. आत्ताच्या आत्ता. मी नेऊन टाकतो."

"तू घरी जा, हवं तर."

"एकटा? या जिन्यानं?"

तो गेला नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

रीळवाल्यानं कॉम्प्युटर बंद केला. रीळ चढवलं. शेपटाकडून. फिल्म दोनदा निसटली. दिवा मालवला. मशीनच्या काचेचा तेवढा उजेड.

रस्ता आला.

माणसं मागं चालली. घोडे मागं चालले.

ती मनोऱ्याखाली होती.

ती निघाली.

खांब आला. ती थांबली नाही. हौद आला. करंडीवाला हमाल पाठीनं येत होता, तिच्यापाशी अडखळला, वळसा घालून गेला. ती येतच होती. डावा पाय ओढत. शाल खांद्यावरून सरकलेली. आता तिचा चेहरा दिसायला लागला... नाक... कपाळावरची जुनी खूण...

रीळवाला काचेपुढं वाकला.

बाई काचेजवळ आली. अगदी जवळ. मागची सगळी गर्दी तिच्याआड गेली. ओठ हलत होते.

"वाच," तो म्हणाला.

ताईनं काचेला जवळजवळ नाक लावलं. मग तिचा तो सपाट, खणखणीत आवाज अंधारात निघाला.

"'अहो.'"

मशीन घरघरत होतं.

"'अहो... उचला ना.'"

"पुढं?"

"'उचला ना.'"

"पुढं, ताई?"

"पुढं नाही रे. तेवढंच. पुन्हा पुन्हा तेच."

आणि बाहेर फळीवर डबा वाजायला लागला.

पत्र्याचा डबा. आत किल्ल्या, घड्याळ, अंगठी... सगळं एकमेकांवर खडखडत होतं. भाच्याची पाचावर धारण बसली.

"माझे... माझे दोन्ही बंद आहेत, मामा."

ताईला ऐकू येत नव्हतं. तरी तिनं दाराकडं मान वळवली होती.

रीळवाला उठला. दार उघडलं. डब्याचं झाकण काढलं. त्याचाच फोन. उजेडात नाव दिसत होतं.

घर.

घरी कुणी नव्हतं. तिचा मेलेला फोन तिथं कपाटात, आणि घराची किल्ली याच डब्यात होती.

"उचलू नको," ताई म्हणाली. तिनं त्याचं मनगट धरलं. "ऐक माझं. गेलेल्या माणसाच्या हाकेला रात्री ओ देऊ नये. ओ देणारा मागं राहत नाही."

त्यानं तिच्याकडं तोंड केलं. तिला नीट वाचता यावं म्हणून सावकाश बोलला.

"ताई... मागच्या वेळी नाही उचलला."

तिनं मनगट सोडलं.

तो फोन घेऊन आत आला. जन्मात पहिल्यांदा फोन घेऊन त्या खोलीत आला. मशीनसमोर उभा राहिला. काचेत ती होती. ओठ हलत होते.

त्यानं फोन कानाला लावला.

आता ऐका. भाचा भिंतीशी होता, त्याला फोनमधलं थोडं ऐकू आलं. तो शपथेवर सांगतो, बोलणं ऐकू आलं नाही. घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. गाडीच्या चाकांची खडखड. पुष्कळ माणसं चालल्याची गजबज. कुठंतरी एक मोठं घड्याळ ठोके देत होतं. आणि पोरांनो, ते रीळ मुकं होतं.

मामा काय बोलला तेही त्याला कळलं नाही, फार हळू बोलत होता. पण ताई भावाच्या तोंडाकडं बघत होती. काचेचा उजेड त्याच्यावर पडला होता. तिनं वाचलं ते असं.

"उचललाय."

मग काही नाही.

"ऐकतोय. बोल."

मग बराच वेळ काही नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंड शांत.

"हो."

"हो... हो."

आणि शेवटी, रोज दारात उभं राहून म्हणायचा तसं,

"जपून जा. गर्दी आहे."

काचेतल्या बाईनं कानाशी धरलेला हात खाली घेतला.

ती उभी राहिली. मागची माणसं मागं मागं चालत होती. ती तेवढी उभी. तिनं शाल नीट केली...

फाटका भाग आला. मशीन अडकलं. काच पांढरी झाली.

ती त्याला काय म्हणाली, ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. ताईलासुद्धा नाही. विचारलं की तोंडावर हात धरायचा, म्हणजे ताईला वाचता येऊ नये. पण मी शेजारी आहे, मला एवढं ठाऊक आहे की त्या रात्रीपासून त्याला झोप लागायला लागली. सकाळी मलाच दार वाजवून उठवावं लागायचं. आणि फळीवरचा तो पत्र्याचा डबा त्यानं मला देऊन टाकला. खिळे ठेवतो मी त्यात.

रविवारी उजेडात त्यानं फाटका भाग चिकटवून रीळ पुन्हा पहिल्यापासून उतरवलं. भाचा म्हणत होता, देऊ नका, काहीतरी सांगा, जळालं म्हणा. त्यानं ऐकलं नाही. म्हणाला, "बघ तरी." भाच्यानं बोटांच्या फटीतून बघितलं. रस्ता होता, मनोरा होता, घोडे होते. बाई नव्हती. खांबाशी नाही, हौदाशी नाही, कुठंच नाही. भाच्याच्या जिवात जीव आला.

"सुटली मामी," तो म्हणाला.

सोमवारी सभागृह भरलं होतं. मी ताईशेजारी बसलो होतो. पुढं रीळवाला, त्याच्या बाजूला कचेरीतल्या बाई. आवाज नसलेलं ते रीळ मोठ्या पडद्यावर सुरू झालं आणि लोक ओळखायला लागले, हे बघ आपलं वळण, हे बघ मनोऱ्याचं घड्याळ तेव्हाही मागंच होतं. हशा पिकला. कचेरीतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

मीही बघत होतो. मला सगळं आधी सांगितलेलं, म्हणून मी ती जागाच बघत होतो. हौदाच्या अलीकडची. रस्ता तिथं मोकळा होता. भर बाजारात, एवढ्या गर्दीत, एका माणसापुरता मोकळा. टोपीवाला आला, त्या जागेपाशी जरा सरकला, पुढं गेला. छत्रीवाली आली, तिनं छत्री तिरकी केली, पुढं गेली.

मग तो करंडीवाला हमाल आला. थांबला. मान न हलवता डोळे खाली केले. वळसा घातला. आणि जाता जाता त्या रिकाम्या जागेकडं बघून त्याचे ओठ हलले.

ताईनं माझं मनगट घट्ट धरलं.

मी तिच्याकडं तोंड करून सावकाश विचारलं, "काय म्हणाला?"

तिला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. पुढच्या रांगेत रीळवाल्यानं मात्र मागं वळून बघितलं नाही.

"'बाई,'" ताई म्हणाली, "'जरा बाजूनं चला.'"